कार्टरसाहेबाची चित्रं आणि एक बारीक रेघ

मंडळी, आपल्या कुटुंबातल्या डॉक्टर लोकांना ग्रेज अ‍ॅनाटमी हे पुस्तक माहीत नाही असं होणार नाही. १८५८ साली लंडनला निघालं आणि अजून छापलं जातंय. पण त्यातली चित्रं कुणी काढली असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. (मागच्या गणपतीत मी चौघांना विचारून पाहिलं. चौघेही एमबीबीएस. कुणालाही सांगता आलं नाही.)

ती चित्रं काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या माणसाने. आणि हा माणूस पुस्तक छापून बाहेर पडलं त्याच साली आपल्या मुंबईत नोकरीला आला. पुढची तीस वर्षं, मधली रजा सोडली तर, तो इकडेच होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायला, मग १८६३ ते १८७२ साताऱ्याला सिव्हिल सर्जन, मग काठेवाडात कुष्ठरोगाची पाहणी, मग पुन्हा मुंबईत गोकुळदास तेजपाल इस्पितळात आणि जेजेत. जेजेच्या आवारात आपण सगळे कधी ना कधी कुणाला तरी बघायला गेलेलो आहोत. तिथे या माणसाने मायक्रोस्कोपाला डोळा लावून काय काय पाहिलं आणि कागदावर उतरवलं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

कळायचं कारण माझी नात. (माझ्या पुतण्याची मुलगी. सख्खी-चुलत हा हिशेब आमच्याकडे नाही.) ती जीवशास्त्रात पीएचडी करते. मायक्रोस्कोपातून काढलेले फोटो शोधनिबंधात कसे छापायचे याची नियमावली वाचत ती कांदिवलीच्या आमच्या घरी दोन दिवस बसली होती. मी म्हटलं, फोटो छापायला नियमावली कशाला लागते? फोटो तो फोटो. त्यावर तिने जे सांगितलं ते डोक्यात राहिलं, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे मागे मागे जात कार्टरपर्यंत पोचले. इतिहासाच्या शिक्षिकेची खोड, दुसरं काय!

मूळ अडचण अशी आहे. मायक्रोस्कोपाच्या नळीत एका वेळी एकच माणूस बघू शकतो. बाकीच्या जगाने त्याच्यावर विश्वास ठेवायचा. दुर्बिणीतून दिसलेला गुरूचा चंद्र दुसऱ्या गावचा माणूस आपल्या दुर्बिणीतून तपासू शकतो, कारण चंद्र एकच आहे. पण साताऱ्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पायातून काढलेला दाणा लंडनच्या माणसाने कसा तपासायचा? त्याच्या हातात येतं ते फक्त चित्र. म्हणून ते चित्र काय म्हणतं आणि किती खरं म्हणतं, याला एवढं महत्त्व.

त्या दाण्याचीच गोष्ट आधी सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त भावली. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांना काटा रुतून एक रोग होतो. पाय हळूहळू सुजतो, भोकं पडतात, त्यातून दाणे बाहेर येतात. कधी काळे बारुदीसारखे, कधी फिकट. दुखणं वर्षानुवर्षं चालतं आणि शेवटी पाय कापावा लागतो. मदुरेकडे हा रोग फार दिसे म्हणून त्याला मदुरा फूट म्हणत. कार्टरने १८६० च्या सुमारास मुंबईत कापलेले असे पाय तपासले, काळ्या दाण्यांत बुरशीचे धागे पाहिले, आणि रोगाला मायसेटोमा असं नाव दिलं. हेच नाव आजही चालतं. १८७४ साली त्याने त्यावर स्वतंत्र पुस्तक काढलं, रंगीत चित्रपत्रांसह.

आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या लुईस आणि कनिंगहॅम या दोघा डॉक्टरांनी अहवाल काढून बुरशीमुळे हा रोग होतो हे म्हणणं खोडून काढलं. कोण बरोबर? दोघांकडेही मायक्रोस्कोप, दोघांकडेही कापलेले पाय. आणि कार्टरच्या बाजूला एक मोठी लंगडी जागा होतीच. कापून काढलेल्या ऐवजावर एक गुलाबी-तांबडी बुरशी वाढलेली त्याला दिसली होती. ती त्याने रोगाचीच मानली, विलायतेतले बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी तिला कार्टरच्या नावावरून नावही देऊन टाकलं. पुढे ठरलं की तिचा रोगाशी संबंध नाही, ती नंतर बाहेरून येऊन बसलेली. भाकरीवर बुरशी येते तशी.

म्हणजे एकाच माणसाने दोन गोष्टी पाहिल्या. काळ्या दाण्यातले धागे खरे निघाले, गुलाबी बुरशी उपरी निघाली. दोन्ही त्याने सारख्याच प्रामाणिकपणे पाहिल्या होत्या. मग पुढच्यांना फरक कसा करता आला? कारण कुठली गोष्ट कुठून आली, ताज्या पायातून की बरणीतून, हे त्याने लिहून ठेवलं होतं. नुसतं चित्र असतं तर काही सांगता आलं नसतं. चित्राखालच्या ओळी चित्राइतक्याच कामाच्या, हे मी शाळेत नकाशाखाली 'सूची' न लिहिणाऱ्या मुलांना ओरडून ओरडून सांगायची. असो.

आणि हा वाद काही पंडितांचा खेळ नव्हता. पुढे कळलं की फिकट दाण्यांच्या पुष्कळशा रोग्यांत बुरशी नसतेच, धाग्यासारखे वाढणारे जिवाणू असतात. जिवाणू असतील तर अँटिबायोटिकने पाय वाचण्याची चांगली शक्यता, बुरशी असेल तर औषध वेगळं आणि काम अवघड. म्हणजे दाणा नीट पाहणं आणि नीट दाखवणं यावर एखाद्या माणसाचा पाय अवलंबून. जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातला तो २०१६ साली. कार्टरनंतर दीडशे वर्षांनी!

१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असेल. दख्खनमधून उपाशी माणसं मुंबईला येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर एक ताप आला. चढायचा, उतरायचा, आठवड्याने पुन्हा चढायचा. ओबरमायर नावाच्या जर्मन डॉक्टरने बर्लिनमध्ये अशा तापाच्या रोग्यांच्या रक्तात वळवळणारे नागमोडी जंतू पाहून १८७३ मध्ये जाहीर केले होते. तेच जंतू कार्टरने १८७७ मध्ये मुंबईतल्या रोग्यांच्या रक्तात पाहिले. हिंदुस्थानात पहिल्यांदाच. १८८२ साली त्यावरही त्याचं जाडजूड पुस्तक निघालं.

चित्रकलेत तर त्याचा हात सिद्धच होता. ग्रेच्या पुस्तकासाठी त्याने आकृत्या थेट लाकडी ठोकळ्यावर उलट्या काढल्या होत्या, म्हणजे छापल्यावर सुलट याव्यात. मग कारागिरांनी त्या कोरल्या. डोळा, हात, कोरणारा, शाई, कागद. एवढ्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळणार किंवा चिकटणार. (आणि बक्षीस काय मिळालं? ग्रेसाहेबाला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड, कार्टरला एकदाच काय ते दीडशे. शिवाय पहिल्या पानावर कार्टरचं नाव आपल्या नावाच्या बरोबरीने मोठं नको म्हणून ग्रेने मुद्रितावर खूण केली. रूथ रिचर्डसन बाईंनी यावर २००८ मध्ये छान पुस्तक लिहिलंय, मिळालं तर वाचा.)

हाताने काढलेल्या चित्रावर कितपत विसंबायचं, हा प्रश्न त्याच काळात युरोपात पेटला होता. १८६८ मध्ये जर्मनीतल्या हेकेलने आपल्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ सुरुवातीला अगदी सारखे दिसतात हे दाखवायला तीन चित्रं शेजारी शेजारी छापली. सारखी दिसणारच, कारण तिन्ही एकाच ठशावरून छापली होती! बाझलच्या र्‍युटिमायर नावाच्या प्राध्यापकाने ते पकडलं. हेकेलचा मूळ मुद्दा किती खरा-खोटा हा वेगळा विषय, पण एक ठसा तीन नावांनी छापणं हा पुरावा नव्हे.

याला उतारा म्हणून रॉबर्ट कॉखने फोटो आणला. १८७७ मध्ये त्याने जंतूंचे फोटो छापले. त्याचं म्हणणं असं, की चित्र काढणारा नकळत आपल्या मतासारखं चित्र काढतो, फोटोवर मात्र वाचक स्वतः वाद घालू शकतो. हेच कॉखसाहेब १८९७ मध्ये प्लेगच्या जर्मन मंडळाबरोबर मुंबईतही येऊन गेले.

त्याच साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला, २० ऑगस्टला, डासाच्या पोटात मलेरियाच्या रंगद्रव्याच्या पेशी पाहिल्या. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याने ते छापलं कसं, हे मला फार आवडलं. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख आला तेव्हा सोबत दुसऱ्या एका डॉक्टरची, स्मिथ यांची, टीप होती की मी हे पाहिलं. रॉसने काचपट्ट्या लंडनला पाठवल्या होत्या. तिथे मॅन्सन, ब्लँड-सटन आणि थिन यांनी त्या स्वतः पाहिल्या आणि त्यांचं मतही लेखाबरोबर छापलं गेलं. नळीत एकालाच बघता येतं ना? मग नळीखालची काचच पुढे पाठवा.

मला हे लगेच पटलं, कारण २००९ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या गाठीची तपासणी झाली तेव्हा दुसरं मत घ्यायला गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, ''स्लाइड आणि ब्लॉक आणा.'' ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला त्या गाठीचा तुकडा. तो रुमालात गुंडाळून, पर्समध्ये घालून, पर्स छातीशी धरून मी कांदिवलीहून लोकलने नेला. बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर बसून. रोग तोच निघाला, पण प्रकार वेगळा ठरला आणि औषध बदललं. बहीण आज पुण्यात आहे आणि हा ब्लॉग वाचते. (ताई नको म्हणत होती तरी लिहिलं, असं म्हणशील. म्हण.)

तर फोटो आल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, उलट कॉम्प्युटर आल्यावर वाढला. पूर्वी फोटोत फेरफार करायला अंधाऱ्या खोलीत बसावं लागे. आता माउसच्या दोन टिचक्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने स्वीकारलेल्या प्रत्येक लेखातली चित्रं बारकाईने तपासायला सुरुवात केली. त्यांचे संपादक माइक रॉसनर यांनी पुढे सांगितलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लेखांत एखादी तरी आकृती पुन्हा करून मागावी लागली. बनवाबनवी म्हणावी असे लेख मात्र शंभरात एक. मला हे आकडे बोलके वाटतात. बाकीचे लबाड नव्हते. त्यांना 'जरा स्वच्छ दिसावं' एवढंच वाटत होतं. वहीत शाईचा डाग पडला की मुलं ब्लेडने खरवडायची, तसंच.

खरे लबाडही होतेच. कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांच्या मूळपेशींच्या दोन निबंधांची जगभर वाहवा झाली आणि जानेवारी २००६ मध्ये ते मागे घेण्यात आले. ११ पेशीमालिका म्हणून दाखवलेले फोटो दोनच मालिकांचे होते. हेकेलचा ठसा पुन्हा! आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या एका निबंधावरून असाच वाद झाला. ती चित्रं मायक्रोस्कोपाची नव्हती, प्रथिनांच्या पट्ट्यांची होती, पण प्रश्न तोच: आधीच्या निबंधातली चित्रं पुन्हा वापरली का? चौकशी समितीने फेरफार नाही असा निर्वाळा दिला, तर अमेरिकेतल्या जर्नलने २००७ मध्ये निबंध मागे घेतला. त्याच चित्रांकडे बघून शहाणी माणसं दोन उलट निष्कर्षांवर आली. कोण बरोबर ते मी कांदिवलीत बसून ठरवणार नाही.

एलिझाबेथ बिक या बाईंनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तर कमाल केली. ४० जर्नलांतले २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्क्यांत चित्रांची शंकास्पद पुनरावृत्ती सापडली. एवढे पेपर तपासणं म्हणजे काय ते बोर्डाचे पेपर तपासलेल्यालाच कळेल.

आता नातीची नियमावली. सगळी सांगत नाही, मला समजली तेवढी. उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवायचा तर अख्ख्या फोटोचा वाढवायचा, एका कोपऱ्याचा नाही. दोन फोटोंची तुलना करायची तर दोन्ही एकाच सेटिंगवर काढायचे. नातीच्या प्रयोगात औषध दिलेल्या पेशी चमकत होत्या आणि न दिलेल्यांचा फोटो वेगळ्या दिवशी, वेगळ्या सेटिंगवर काढलेला. कुणीतरी सुचवलं, दुसरा थोडा 'अ‍ॅडजस्ट' कर, कोण बघतंय. तिने दोन्ही पुन्हा काढले. तीन आठवडे गेले, आणि फरक पहिल्यापेक्षा कमी निघाला. निबंधात तो कमी फरकच गेला. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाली, ''वाटलं ना आजी. पण पुढच्या वर्षी माझ्यानंतरची मुलगी याच फरकावर तिचा प्रयोग उभा करणार आहे.'' मी तिला थालीपीठ वाढलं. आणखी काय करणार!

रंगांचंही मला नवलच वाटलं. चमकणाऱ्या पेशींचे ते सुंदर लाल-हिरवे फोटो असतात ना, तिथे कॅमेरा बहुधा काळंपांढरंच टिपतो. रंग नंतर माणूस देतो. म्हणून कुठला रंग कशाचा हे लिहायलाच हवं. शिवाय लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही असे पुष्कळ पुरुष असतात, त्यांच्यासाठी लालऐवजी गुलाबी-जांभळा घ्यायचा. आणि मूळ फाइल, जशी कॅमेऱ्यातून आली तशी, हात न लावता जपून ठेवायची. हा तिचा मेणातला ब्लॉक.

आणि ती बारीक रेघ. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक छोटी आडवी रेघ, खाली तिची लांबी. पूर्वी '४०० पट मोठं' असं लिहीत. पण तो फोटो छापताना लहान केला, की ४०० पट हे खोटं झालं! रेघ मात्र फोटोबरोबर लहान-मोठी होते, म्हणून खरी राहते. नात हे समजावून सांगायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. नववीच्या भूगोलात नकाशाचं शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण मी पंचवीस वर्षं शिकवलंय. नकाशाची झेरॉक्स लहान करून काढली तर कुठलं प्रमाण टिकतं? दोन मार्कांचा हमखास प्रश्न! उत्तर: रेषाप्रमाण.

एवढं सोपं आहे तर सगळे करत असतील, असं मला वाटलं. तर नाही. २०२१ मध्ये हेलेना याम्बोर आणि इतरांनी तीन शाखांतले ५८० निबंध पाहिले, नामवंत जर्नलांतले. चित्रांचे साधे नियम सगळे पाळणारे निबंध शाखेप्रमाणे २ ते १६ टक्के. कुणाची रेघच नाही, कुणी रंग सांगितले नाहीत, कुणी मोठा करून दाखवलेला तुकडा मूळ फोटोत कुठला ते दाखवलं नाही. म्हणून मग मायक्रोस्कोपवाल्यांच्या एका जागतिक गटाने अलीकडे तपासणी-याद्याच करून दिल्या आहेत, किमान काय हवं, चांगलं काय, उत्तम काय. पास, फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन! नातीने पहिली यादी फ्रिजवर चिकटवून ठेवलीय, माझ्या गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी.

कार्टरचं शेवटचं एक काम सांगायचं राहिलं. १८८८ मध्ये, निवृत्त व्हायच्या सुमारास, त्याने एका हिंदुस्थानी उंदराच्या रक्तात दिसलेल्या अगदी बारीक, वेटोळ्या जंतूवर एक छोटं टिपण छापलं. उंदीर चावून येणाऱ्या एका तापाचं कारण हाच जंतू, हे कितीतरी नंतर, विसाव्या शतकात कळलं. स्पायरिलम मायनस असं त्याचं नाव, आणि शास्त्रीय पुस्तकांत नावापुढे अजून 'कार्टर' लिहितात. हा जंतू आजपर्यंत कुठल्याही प्रयोगशाळेत बशीत किंवा बाटलीत वाढवता आलेला नाही. त्यामुळे तो आहे की नाही हे बघायचं तर आजही मुख्यतः रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि नळीला डोळा लावायचा.